घामेजलेल्या हातांचे टाके
वाचकांच्या विणकामाच्या शंका

ऊन तापायला लागलं की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. थंडीत तुम्ही विचारता, गळ्याला किती टाके घालू? आता विचारता, हे सगळं गुंडाळून कपाटात टाकू का? या वेळच्या पत्रांतली सहा निवडली आहेत. सुती टॉपच्या पत्राला उत्तर जरा लांबलंय, कारण तो घोळ मी स्वतः घालून बसलेली आहे.

प्रश्न : ताई, गेल्या हिवाळ्यात मी विणायला शिकले आणि आता सुया खाली ठेवाव्याशा वाटत नाहीत. पण हात घामेजतात, टाके सरकत नाहीत, आणि अर्ध्या झालेल्या स्वेटरचं ओझं मांडीवर सोसवत नाही. उन्हाळाभर विणकाम बंद ठेवायचं का?

अगं, बंद कशाला? तो स्वेटर तेवढा मांडीवरून उचल. अर्धा स्वेटर मांडीवर घेणं म्हणजे पांघरूण घेऊन बसणंच झालं. शिवाय लोकर ओल पिते. स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओल पोटात घेऊनही ती हाताला कोरडीच लागते. थंडीत हा तिचा गुण, उकाड्यात मात्र मांडीला चिकटणारी शिक्षा. मोठं काम करायचंच असेल तर ते टेबलावर पसरून ठेव, खुर्ची टेबलाला भिडव आणि सुयांपुरता भाग हातात घे.

आता हातांचं. घाम आला की करंगळीवरून घेतलेला दोऱ्याचा वेढा ओला होऊन अडतो. दोरा हवा तेव्हा सुटत नाही, आपण तो ओढतो आणि टाके आवळले जातात. सकाळी विणलेल्या दहा ओळी आणि भर दुपारी विणलेल्या दहा ओळी उजेडात धरून बघ. सुई तीच, दोरा तोच, पण दुपारच्या ओळी दाटलेल्या दिसतील. म्हणून एक तुकडा शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी विणावा. मी पहाटे विणते आणि दुपारी फक्त वहीत आकडेमोड करते. हातांना पावडर चोळू नकोस, ती दोऱ्यात जाऊन बसते आणि गडद रंगावर राख पडल्यासारखी दिसते. थंड पाण्याने हात धुवायचे, कोरडे पुसायचे, चार ओळी झाल्या की पुन्हा धुवायचे. कंटाळवाणं आहे, पण दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

सुयांबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगते. बांबूच्या सुया थोडा घाम शोषतात, त्यामुळे हातात घसरत नाहीत. पण सुती दोरा त्यांच्यावर रखडतो. लोकर असेल तर बांबू, सुती दोरा असेल तर गुळगुळीत धातू, असं माझं साधं गणित आहे. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुया वापरणार असलीस तर आधी पांढऱ्या फडक्यावर घासून बघ. वरचा थर झिजला असला की राखाडी डाग पडतो, आणि तो नेमका पांढऱ्या बाळमोज्यांवर दिसतो.

आणि काम लहान घे. मोजे, टोपी, नुसत्या बाह्या, पुढे जोडून पांघरूण होईल असे चौकोन. तळहातात मावेल एवढंच काम उन्हाळ्यात पुरं होतं.

प्रश्न : मी सुती दोऱ्याचा बिनबाह्यांचा टॉप विणला. नमुना लोकरीचा होता, पण टाके आणि ओळी तंतोतंत मोजून घातल्या. अंगात अगदी बेताचा बसला होता. दोनदा धुतल्यावर लांबी चार बोटं वाढली आणि घेर मात्र अंगाला आवळायला लागला. माझं काय चुकलं? आणि आता हा टॉप वाचवता येईल का?

तुमचं मोजणं चुकलं नाही. तुम्ही मोजलंत ते धुण्याच्या आधी, एवढंच चुकलं.

लोकरीच्या तंतूला जन्मतःच बारीक लाटा असतात. ताणला तर तो लांबतो, सोडला तर परत येतो. सुती तंतूत ही उसळी नाही. ओढाल तिकडे जातो आणि तिथेच बसतो. त्यात सुती कापड जड आणि ओलं झालं की आणखी जड. तारेवर वाळत घातलेला सुती टॉप स्वतःच्याच पाण्याच्या वजनाने खाली ओढला जातो. टाका उभा लांबला की आडवा आक्रसतो, म्हणून तुमचा घेर कमी झाला. टॉपमधला दोरा वाढला नाही आणि घटलाही नाही, त्याने फक्त जागा बदलली.

माझा पहिला सुती टॉप फिक्या निळ्या रंगाचा होता. लोकरीच्या हिशेबाने विणला आणि मोठ्या हौसेने घातला. दुसऱ्या धुण्यानंतर तो कमरेवरून मांडीवर आला, आणि काखेची भोकं अशी उघडली की आतून वेगळा कपडा घालावा लागे. तेव्हापासून सुती कामाआधी मी नमुन्याचा तुकडा विणते आणि त्याचे हाल करते.

हाल कसे, ते सांगते. निदान ३४ टाके घालून ४० ओळी विणायच्या. कडा वळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंचे तीन-तीन टाके प्रत्येक ओळीत सुलटच ठेवायचे. मधल्या भागात १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते लिहून ठेवायचं. मग टॉप जसा धुणार तसाच हा तुकडा धुवायचा, सपाट वाळवायचा, आणि खालच्या कडेला कपड्यांचे चार-पाच चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवायचा. सकाळी पुन्हा मोजायचं.

माझ्या वहीतलं एक पान देते. ४ मिमीची सुई, मध्यम जाडीचा सुती दोरा. धुण्याआधी १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि २८ ओळी होत्या. टांगल्यानंतर २३ टाके आणि २६ ओळी झाल्या. दिसायला फरक किरकोळ. आता तो टॉपवर लावून बघा. लांबी ५५ सेंटिमीटर हवी म्हणून २८च्या हिशेबाने १५४ ओळी विणल्या, तर वापरात त्या ५९ सेंटिमीटरपर्यंत जाणार. तुमच्या टॉपची लांबी वाढली ती अशीच. २६च्या हिशेबाने १४३ ओळी पुरे होत्या. घेर ९६ सेंटिमीटर हवा म्हणून २११ टाके घातले तर प्रत्यक्षात जेमतेम ९२ मिळणार, घालायला हवे होते २२० किंवा २२१. म्हणजे सुईवर असताना सुती टॉप आखूड आणि ढगळ दिसला पाहिजे. तो बेताचा दिसला की मला धाकधूक वाटते.

आता वाचवायचं. टॉप खालून वर विणला असेल तर खालच्या कडेपासून उसवायला जाऊ नका. सुरुवातीच्या कडेकडून वीण नीट उसवत नाही, पावलोपावली गाठ बसते. त्याऐवजी जिथे टॉप संपायला हवा तिथून नवीन किनारीची उंची वजा करून वर एक ओळ ठरवा. त्या ओळीवर रंगीत दोऱ्याने खूण करा. ओळीच्या मधोमध एकच टाका बारीक कात्रीने कापा. हो, कापा. हात थरथरतो, माझा अजून थरथरतो. मग कापलेलं टोक बोथट सुईने एकेका टाक्यातून दोन्ही बाजूंना ओढत जा. खालचा पट्टा सुटतो आणि वरच्या बाजूला मोकळे टाके उभे राहतात. ते लगोलग बारीक सुईवर उचला. सगळे सुईवर आले की खालच्या दिशेने एक सुलट एक उलट अशी किनार विणा आणि टाके सैल हाताने बंद करा. सुटलेल्या पट्ट्याचा दोरा उसवून याच किनारीला वापरता येतो. टाके उलट्या दिशेने उचलले की वीण अर्ध्या टाक्याने सरकते. साध्या सुलट कापडात ते कळत नाही, पण वेलबुट्टी असेल तर मोडलेली दिसेल.

खांद्यांना आतून क्रोशाच्या साध्या साखळीची एक ओळ घाला, मानेच्या मागून एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. सगळं वजन तिथेच लोंबतं. आणि इथून पुढे टॉप टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, सपाट वाळवायचा आणि घडी करून ठेवायचा. हँगर नाही.

घेर मात्र किनार बदलून वाढणार नाही. दोन्ही कुशींच्या शिवणी उसवून मध्ये तीन-तीन बोटांच्या पट्ट्या विणून घालता येतील. दुसऱ्या रंगाच्या घातल्यात तर मुद्दाम केल्यासारख्या दिसतात.

प्रश्न : मला पुस्तकातला नमुना न वापरता स्वतःच्या मनाचा टॉप बेतायचा आहे. पुढच्या बाजूला एक मोठा गोल काढायचा आहे. कागदावर छान जमला, विणल्यावर तो चेपलेला दिसतो. आणि बाहीचे टाके किती घ्यायचे हे कसं ठरवतात?

गोलाचं आधी. तुमचा कागद चौकटीचा आहे, पण टाका चौकोनी नसतो. तो उंचीला कमी आणि रुंदीला जास्त असतो. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि २८ ओळी बसत असतील, आणि तुम्ही कागदावर २८ चौकोन रुंद आणि २८ चौकोन उंच गोल काढलात, तर विणल्यावर उंची भरेल १० सेंटिमीटर आणि रुंदी जवळजवळ पावणेतेरा. झाला चेपलेला गोल. कागदावर तो २२ चौकोन रुंद आणि २८ चौकोन उंच, म्हणजे अंड्यासारखा उभट काढा. बघायला विचित्र वाटेल. कापडावर तो गोल होईल.

दोन रंग ठरवताना त्यांचे गुंडे शेजारी ठेवून फोनवर काळा-पांढरा फोटो काढा. फोटोत दोन्ही सारखेच करडे दिसले तर चार पावलांवरून तुमचा गोल कोणाला दिसायचा नाही, मग एक लाल आणि एक हिरवा का असेना. मी एकदा तीन आठवडे फुलं विणली होती. ती फक्त मलाच दिसायची.

बाहीसाठी एलिझाबेथ झिमरमन या विणकाम शिकवणाऱ्या बाईंची टक्केवारी मला सोयीची वाटते. अंगाच्या घेराचे टाके म्हणजे १०० टक्के. मनगट २० टक्के, दंड ३३ ते ३५, गळा ४०, आणि काखेत बाजूला ठेवायचे ८. घेर २०० टाक्यांचा असेल तर मनगटाला ४०, दंडाला ७०, गळ्याला ८० आणि प्रत्येक काखेत १६. यात तुमचं अंग कुठे वेगळं आहे ते तुम्हालाच ठाऊक. माझे दंड ३५ टक्क्यांत मावत नाहीत, मी ३८ घेते.

पूर्ण बाही गोल विणणार असाल तर ४० वरून ७० वर जायला ३० टाके वाढवायचे. एका वेळी दोन वाढवले की १५ वेळा. बाही ४२ सेंटिमीटरची धरली तर २८च्या हिशेबाने सुमारे ११७ फेऱ्या होतात. दर सातव्या फेरीला वाढवलंत तर १०५ फेऱ्यांत काम संपतं आणि वर बारा फेऱ्या साध्या राहतात. त्या राहू द्याव्यात, दंडाशी सैलपणा बरा. उन्हाळ्याचा टॉप असेल तर मी मनगटाच्या भानगडीत पडतच नाही. दंडाच्या टाक्यांनी सुरू करून चार बोटांची बाही विणते आणि सोडून देते.

आणि हे आकडे धुतलेल्या तुकड्यावरून घ्या. वरचं पत्र वाचलंच असेल.

प्रश्न : मुलासाठी येत्या हिवाळ्याचा स्वेटर आत्तापासून करायचा आहे. तो भराभर वाढतोय. माप कसं धरू?

छातीच्या मापाची फार काळजी करू नका. मुलं वाढतात ती जास्त करून उंचीला, आणि आखूड पडते ती बाही. छातीच्या आजच्या मापापेक्षा आठ-दहा सेंटिमीटर जास्त धरा. बाही खांद्याकडून खाली विणा आणि मनगटाची किनार अगदी शेवटी, थंडी तोंडावर आली की घाला. पुढच्या वर्षी तीच किनार उसवून चार बोटं वाढवता येईल, म्हणून एक गुंडा बाजूला ठेवायचा. लोकर घेताना सगळ्या वेष्टनांवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघून घ्या. दोन लॉटमधला रंगाचा फरक गुंड्यात दिसत नाही, अंगावर दिसतो.

पाठ, पुढचे भाग आणि बाह्या वेगवेगळ्या विणा. एकसंध गोल विणलेला स्वेटर देखणा होतो, पण उन्हाळ्यात मांडीवर तो सगळाच्या सगळा वागवावा लागतो. सुरुवात बाहीपासून करा. तुमच्या हाताचा ताण तिच्यावर कळतो, आणि चुकली तर उसवायचं दुःख कमी.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की तुकड्यांवरून वाफेची इस्त्री फिरवली की कडा वळत नाहीत. मी फिरवली. बाही एकदम लुळी पडली, चमकायला लागली आणि रिबची, म्हणजे एक सुलट एक उलट किनारीची, घडी गेली. आता?

ही माझी चूक. मी लोकरीबद्दल लिहीत होते आणि तसं स्पष्ट म्हटलं नाही. आपण विणायच्या प्रत्येक दोऱ्याला लोकर म्हणतो, तो अ‍ॅक्रिलिकचा असला तरी. तुमचा बहुतेक तोच असावा. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ होतं आणि त्याची उसळी कायमची जाते. ती बाही परत उभी राहणार नाही, पुन्हा विणावी लागेल. मनापासून माफी मागते.

वेष्टन हरवलेला दोरा ओळखायचा तर त्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, जाळून बघा. खरी लोकर नाखुशीने जळते, जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. सुती दोरा कागदासारखा भुरकन जळतो. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि मागे कडक काळी गोळी उरते. ती गार होईपर्यंत हात लावू नका. मिसळ दोऱ्यात हे सगळं एकत्र होतं. अशा वेळी शंका आली तर तो अ‍ॅक्रिलिकच धरायचा आणि इस्त्री दूर ठेवायची.

प्रश्न : उन्हाळ्यात विणायला म्हणून पेटी उघडली तर जुन्या लोकरीच्या गुंड्यांत भोकं, बारीक भुसा, आणि एक सोनेरी पतंग उडाला. सगळं फेकून देऊ का?

कसर लागली आहे. उडाला तो पतंग मात्र काही खात नाही, त्याला खायला तोंडच नसतं. खातात त्याच्या अळ्या. लोकरीतलं केराटिन हे त्यांचं अन्न, आणि घामाचे, तेलाचे डाग असलेली लोकर त्यांना विशेष आवडते. उबेत त्या झपाट्याने वाढतात, म्हणून उन्हाळ्यात हे प्रकरण एकदम डोळ्यांवर येतं. सुती आणि अ‍ॅक्रिलिक गुंड्यांना धोका कमी, पण तेही एकेक करून बघून घ्या.

फेकण्याची घाई नको. सगळे गुंडे घराबाहेर नेऊन झटका. पेटी रिकामी करा, कोपरे आणि फटी ब्रशने काढा. ज्या गुंड्यात पाच-सहा ठिकाणी दोरा तुटलाय तो जाऊ द्या. बाकीचे हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. लोकर खोलीच्या उष्णतेला आली की मगच उघडायची, नाहीतर थंड लोकरीवर दव धरतं. डांबराच्या गोळ्यांचा मला राग आहे. त्यांची वाफ आपल्यालाही बाधते आणि वास लोकरीत महिनोन्‌महिने राहतो.

एखाद-दुसरं तुटलेलं टोक गाठीशिवाय जोडता येतं. दोन्ही टोकांचे पदर बोटभर मोकळे करा, एकमेकांवर ठेवा, तळहातावर थोडं पाणी घ्या आणि हात जोरजोरात चोळा. ऊब, ओल आणि घर्षण मिळालं की लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात. मशीनमध्ये धुता येते अशी प्रक्रिया केलेली लोकर मात्र अशी जुळत नाही. आणि हे काम घामेजलेल्या हातांनी फार छान होतं.

फ्रीझरमधल्या पिशवीवर ठळक अक्षरांत "लोकर" असं लिहून ठेवा. आमच्याकडे बर्फ शोधणाऱ्याने ती उघडून तशीच उघडी ठेवली होती, आणि मला दोन आठवडे पहिल्यापासून मोजावे लागले.